बोट ओढायला टू-व्हील घ्यावी की फोर-व्हील? या चुका टाळा

मेलबर्नमध्ये मराठी मंडळी जमली की हल्ली घरांच्या किमतींनंतर मासेमारीचा विषय निघतो. कुणीतरी जुनी पाच मीटरची फायबरची बोट घेतलेली असते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हिला ओढायला फोर-व्हील ड्राइव्हच लागेल ना?" (फोर-व्हील म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देणारी गाडी; टू-व्हील म्हणजे फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दोन चाकांना देणारी.) माझं उत्तर असतं, कुठल्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, आणि ओहोटीच्या कुठल्या वेळेला जाणार, ते आधी सांगा. हे उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. पण ते मी फार जवळून शिकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक: रस्त्याचा विचार करून गाडी निवडणं

शोरूममध्ये सगळं बोलणं ताकदीवर चालतं. किती टॉर्क, किती टन ओढते, हायवेवर चढण लागली तर काय. पण सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर बोट ओढायला दोन चाकांचा जोर भरपूर होतो. ब्रेकचंही तेच. फोर-व्हील गाडी लवकर थांबते असा एक समज आहे, तो साफ चुकीचा आहे. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. मागच्या ट्रेलरला ब्रेक आहेत की नाहीत, यावर थांबणं जास्त अवलंबून असतं. ऑस्ट्रेलियात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि 2,000 किलोच्या वर गेलात तर ट्रेलरच्या सगळ्या चाकांना ब्रेक लागतात, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारी यंत्रणा लागते. हे आधी बघा.

ओढण्याच्या मर्यादेचंही गणित वेगळं आहे. काही युटचं (मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपचं) टू-व्हील मॉडेलसुद्धा 3,500 किलोपर्यंत ओढतं, तर दुसऱ्या एखाद्या गाडीचं फोर-व्हील मॉडेल त्याच्या निम्मंही ओढत नाही. "फोर बाय फोर" ही अक्षरं मागे चिकटवलेली असली म्हणून आकडा वाढत नाही. कंपनीचं माहितीपुस्तक उघडा, टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, किती भार चालतो तेही वाचा आणि बोट एकदा वजनकाट्यावर न्या. विकणारा बोटीचं वजन सांगतो तेव्हा त्यात बहुतेकदा इंधन, नांगर, बर्फाची पेटी आणि कधीकधी इंजिनही धरलेलं नसतं.

दुसरी चूक: शेवटच्या वीस मीटरचा हिशोब न करणं

खरा प्रश्न रॅम्पवर उभा राहतो. रॅम्पचा उतार साधारण आठास एक असतो, म्हणजे आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. आता माझ्यासारखीच जोडी घेऊ: गाडी 2,000 किलो, ट्रेलरसकट बोट 1,300. एकूण 3,300 किलो. ते वर ओढायला उताराच्या हिशोबाने त्याचा आठवा भाग, म्हणजे 410 किलोच्या आसपास ओढ लागते.

ही ओढ चाकांच्या पकडीतून येते. कोरड्या काँक्रीटवर चाकावरच्या भाराच्या 70 टक्के पकड धरू, ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर 50, आणि हिरवं शेवाळ असेल तर 30, तीही नशीब चांगलं असेल तर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या ॲक्सलवर सपाट रस्त्यावर 1,100 किलो भार असेल, तर टो बॉलवरचं वजन आणि चढण मिळून तो हजाराच्याही खाली आणतात. कारण टो बॉल मागच्या चाकांच्या मागे असतो. तराजूची एक बाजू दाबली की दुसरी उचलली जाते, तसं पुढचं नाक हलकं होतं. अशा गाडीला कोरड्यावर 690 किलोच्या आसपास ओढ मिळते, शेवाळावर जेमतेम 290. मागच्या चाकांवर चालणाऱ्या युटला शेवाळावर 340 मिळेल. दोन्ही 410 ला कमी पडतात. चारही चाकं जोर लावत असतील तर त्याच शेवाळावर 640. म्हणजे पूर्ण गाडी शेवाळावर उभी असेल तर फोर-व्हीलला पर्याय नाही. ते ओलं पण स्वच्छ काँक्रीट असेल, तर दोन चाकंही पुरतात.

पण पूर्ण गाडी शेवाळावर सहसा नसतेच, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा पडतो. गाडी मागे मागे नेतात, त्यामुळे मागची चाकं पाण्याजवळच्या बुळबुळीत पट्ट्यात असतात आणि पुढची चाकं अडीच-पावणेतीन मीटर वर, अनेकदा कोरड्यावर. अशा वेळी पुढच्या चाकांची साधी कार बोट घेऊन गुपचूप वर निघते, आणि शेजारी भली मोठी मागच्या चाकांची युट जागच्या जागी चाकं फिरवत राहते. मी हे डोळ्यांनी अनेकदा पाहिलंय. "ट्रेलर ओढायला मागची चाकंच बरी" हा सल्ला रस्त्यासाठी ठीक आहे, रॅम्पसाठी डोळे झाकून घेऊ नका.

तिसरी चूक: भरती-ओहोटी न बघणं

ज्याचं बालपण कोकणात गेलं त्याला हे सांगायला नको, पण इथे आल्यावर आपण तेही विसरतो. पोर्ट फिलिपच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो. तिथून गाडीने तासाभरावर असलेल्या वेस्टर्न पोर्ट या दुसऱ्या उपसागरात तो दोन ते तीन मीटर असतो. अडीच मीटर पाणी उतरलं की आठास एकच्या उतारावर वीस मीटर काँक्रीट उघडं पडतं. सकाळी भरतीला ज्या कोरड्या, खडबडीत भागावरून बोट सोडली, दुपारी परत येता तेव्हा पाणी त्याच्या कितीतरी खाली गेलेलं असतं, आणि गाडीला शेवाळलेल्या भागावर उतरावं लागतं. बोट सोडताना काही अडचण आली नाही, म्हणून काढतानाही येणार नाही, असं धरून चालणं ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक.

आजोबा तिथी बघून भरती सांगायचे: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत जास्त, अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी. तेच गणित दक्षिण गोलार्धातही चालतं, चंद्र तोच आहे. तुमची गाडी टू-व्हील असेल तर वेस्टर्न पोर्टला उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या तळाला परत येऊ नका. भांगाचे दिवस निवडा. नेहमी पोर्ट फिलिपलाच जात असाल तर फोर-व्हीलसाठी जास्तीचे हजारो डॉलर मोजण्याआधी नीट विचार करा.

चौथी चूक, आणि हीच जीवघेणी: गाडी कुठल्या चाकांवर उभी आहे ते न समजणं

बोट घेतली त्या पहिल्याच उन्हाळ्यात वेस्टर्न पोर्टमधल्या एका रॅम्पवर माझी मागच्या चाकांची युट ओहोटीच्या वेळी पाण्याकाठी उभी होती. बोट ट्रेलरवर ओढून घेतलेली. मी गिअर पार्कमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सोडला आणि दार उघडून खाली उतरलो. गाडी आवाज न करता मागे सरकू लागली. मेहुणा ओरडला, मी उघड्या दारातून आत उडी घेतली आणि ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी तिथल्या तिथे थांबली. मागची चाकं तोवर निम्मी पाण्यात गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझा मुलगा दोन मिनिटं आधीच ट्रेलरच्या मागे उभा होता.

असं का झालं? बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागच्या चाकांच्या गाडीत पार्क गिअरही मागचीच चाकं धरतो. म्हणजे दोन्ही कुलपं एकाच दाराला, आणि ती चाकं शेवाळावर. पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो, म्हणून तो दाबला की पुढची कोरड्यावरची चाकं गाडी धरतात. पुढच्या चाकांच्या गाडीत पार्क पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक मागची, म्हणून ती उभी ठेवायला उलट जास्त सुरक्षित. आणि फोर-व्हीलचा खरा फायदा मला इथे दिसतो. ज्या युटमध्ये आपण हाताने फोर-व्हील लावतो, तिथे 4एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावल्यावर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना जोडला जातो, त्यामुळे पार्क चारही चाकांना धरतो. म्हणून गाडी फोर-व्हील असेल तर रॅम्पवर वळण्याआधीच 4एच लावा. चाकं फिरायला लागल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये 4एच वरून 4एल मध्ये (चारही चाकांना जोर, पण संथ आणि जास्त ताकदीचा) जाताना मध्ये न्यूट्रल येतो. तिथे अडकलं तर पार्क गिअरमध्ये असूनही गाडी मोकळी असते. हा बदल सपाटीवरच करा, उतारावर कधीही नको.

गाडी कुठलीही असो, चाकांमागे लावायच्या दोन जाड पाचरी हाताशी ठेवा. चालकाशिवाय कुणी गाडीत बसू नये, खिडक्या उघड्या असाव्यात, चालकाचा सीटबेल्ट सोडलेला असावा. गाडी आणि पाणी यांच्या मध्ये कुणीही उभं राहू नये. पोरं तर नाहीच नाही.

फोर-व्हील घेतल्यावरच्या चुका

हाताने लावायची फोर-व्हील कोरड्या डांबरावर चालू ठेवली तर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण जोडलेली असल्यामुळे एकमेकांना ओढत राहतात. स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात, गिअरवर ताण येतो. रॅम्प संपला की पार्किंगमध्ये वळायच्या आत 2एच (फक्त दोन चाकांना जोर) करा. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास नाही.

टायर गुळगुळीत झालेले असतील तर फोर-व्हीलचे पैसे वाया. चांगल्या टायरची टू-व्हील जुन्या कडक टायरच्या फोर-व्हीलपेक्षा वर जाताना मी पाहिली आहे.

खारं पाणीही आहेच. फोर-व्हीलला पुढचा डिफरन्शिअल (पुढच्या दोन चाकांत जोर वाटणारा) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) हे दोन भाग जास्त, म्हणजे गंजायला आणि पाणी शिरायला जागाही जास्त. गाडी पाण्यात खोल न्यावीच लागू नये म्हणून ट्रेलरचा पुढचा दांडा लांब करून घेता येतो. घरी आल्यावर गाडीच्या खालून गोडं पाणी मारा, ब्रेकच्या आतल्या बाजूनेही.

अडकलातच तर

चाकं फिरू लागताच पाय उचला. फिरणारं चाक शेवाळ आणखी गुळगुळीत करतं. ब्रेक दाबून धरा, दुसऱ्याला पाचरी लावायला सांगा. मग बोटीतलं वजन कमी करा: माशांच्या टाकीतलं पाणी आणि तळातलं पाणी सोडा, बर्फाची पेटी काढा. एक लिटर म्हणजे एक किलो, हे सोपं गणित. मग दुसऱ्या गियरमध्ये हळू, सरळ रेषेत एकदा प्रयत्न करा.

तरीही निघत नसेल तर दुसऱ्या गाडीची मदत घ्या. दोर गाडीच्या पुढच्या, त्यासाठीच बनवलेल्या हुकाला बांधा. ओढणाऱ्या गाडीच्या टो बॉलला दोर कधीच अडकवू नका. तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि माणसं मरतात.

आणि किनाऱ्याशी आल्यावर रॅम्प पार हिरवा उघडा पडलेला दिसला, तर बोट पाण्यातच ठेवा. ओहोटीच्या तळापासून तीन तासांत पाणी निम्मं चढतं, म्हणजे वेस्टर्न पोर्टमध्ये रॅम्पचा दहा मीटर घाणेरडा भाग पुन्हा झाकला जातो. मी आता डब्यात जास्तीच्या दोन पोळ्या आणि थर्मासभर चहा घेऊनच निघतो. माझी युट अजून तीच आहे, मागच्या चाकांची.