मुलांची छोटी इलेक्ट्रिक बाईक कशी पारखावी

खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: कमाल वेग आणि मोटरचे वॉट. चार ते दहा वर्षांच्या मुलासाठी बाईक बघताना हे दोन्ही सगळ्यात शेवटी बघायचे. बाईक सर्वात हळू मोडमध्ये जागेवरून कशी निघते, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर काय करते आणि छोट्या बोटांना ब्रेक पुरेसा दाबता येतो का, एवढ्यावर ती घ्यायची की नाही ते ठरतं. पुढचं सगळं जमलं तर उत्तम, पण इथे नापास झालेली बाईक चांगल्या बॅटरीने सुधारत नाही.

तपासणीला लागतं ते साधंच: मापाची टेप, जाडसर पुस्तक, वजनकाटा, स्टॉपवॉच, मल्टिमीटर आणि अ‍ॅलन कीचा संच. शिवाय गाड्या येत नाहीत अशी तीसेक मीटर सपाट मोकळी जागा.

आधी मूल मोजा

वयाच्या लेबलवर विसंबू नका. एकाच वयाच्या दोन मुलांच्या पायांच्या लांबीत सहज पाच-सहा सेंटिमीटरचा फरक असतो. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभं करा. पुस्तक आडवं धरून मांड्यांच्या मधोमध, सायकलच्या सीटसारखं, वर टेकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सीटची उंची या मापापेक्षा निदान २ ते ३ सेंमी कमी हवी. सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकलेले असले पाहिजेत. सस्पेन्शन असेल तर मूल बसल्यावर सीट थोडी खाली जाते, म्हणून उंची मुलाला बसवूनच मोजा.

अंदाजासाठी एक उदाहरण: स्टेसिक कंपनीच्या बॅलन्स-बाईक प्रकारात (पेडल नसलेली, पायाने ढकलायची बाईक) १२ इंची चाकांच्या मॉडेलची सीट सुमारे ३३ सेंमीवर आणि १६ इंची मॉडेलची सुमारे ४३ सेंमीवर असते. चाकात चारच इंचांचा फरक, पण ज्याला पहिली बरोबर बसते त्याला दुसरीवर पाय टेकवता येत नाहीत. कपडे वाढत्या अंगाचे घेतलेले चालतात, बाईक नाही.

वजनाचंही तसंच. साध्या, बिनमोटरच्या बॅलन्स बाईकसाठी ‘मुलाच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आत’ हा ढोबळ नियम वापरतात. मोटर आणि बॅटरी आली की हा नियम पाळणं अवघड होतं. ८-९ किलोची बाईक १६ किलोच्या मुलासाठी निम्म्या वजनाची ठरते. म्हणून एक सरळ चाचणी घ्या: बाईक बंद करून आडवी पाडा आणि मुलाला एकट्याने उचलायला सांगा. उचलता आली नाही तर त्या मुलासाठी ती अजून मोठी आहे. कमाल वजनमर्यादा बघताना हेल्मेट, बूट आणि पॅडचं वजन धरायला विसरू नका.

जिला पायाने ढकलायचं असतं ती बाईक बंद असताना किती मोकळी फिरते, तेही बघा. हब मोटरच्या (चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटरच्या) काही बाईक बंद असतानाही अडखळत फिरतात, कारण चाकातले चुंबक प्रत्येक फेरीला ओढ देतात. चेनच्या बाईकमध्ये फ्रीव्हील (मोटर न फिरवता चाक मोकळं फिरू देणारा भाग) नसेल तर ढकलताना मोटरही सोबत फिरवावी लागते. अशा बाईकवर मूल पाय मारून तोल शिकत नाही, थेट अ‍ॅक्सिलरेटरच धरतं.

अ‍ॅक्सिलरेटर: इथे घाई नको

मुलांच्या इलेक्ट्रिक बाईकचे वाईट अपघात अनेकदा एकाच साखळीने घडतात. अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त पिळला जातो, बाईक पुढे झेपावते, अंग मागे फेकलं जातं, हात हँडलला लोंबकळतात आणि मनगट खाली गेल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला जातो. घाबरलेलं मूल मूठ सोडत नाही, उलट आवळतं. इलेक्ट्रिक मोटर शून्य वेगालाच पूर्ण जोर देते, त्यामुळे हे सगळं सेकंदाच्या आत होतं. म्हणून जोर किती आहे यापेक्षा तो किती हळूहळू मिळतो, हे महत्त्वाचं.

मागचं चाक जमिनीपासून उचलून बाईक ठोकळ्यावर पक्की ठेवा. बोटं चेन आणि आऱ्यांपासून लांब. मग या क्रमाने:

१. बाईक बंद असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करा. एखाद्या बाजूला तो सावकाश परतत असेल तर वायर ताणली जाते आहे किंवा मूठ घासते आहे. फिरणारी मूठ आणि तिच्या शेजारचा भाग यांत २-३ मिमी फट हवी. बाईक मुठीवर पडली की ही फट मिटते आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकतो, त्यामुळे प्रत्येक पडझडीनंतर हे बघायचं.

२. अ‍ॅक्सिलरेटर अर्धा पिळून धरा आणि मग बाईक चालू करा. चाक फिरता कामा नये. चांगला कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) अ‍ॅक्सिलरेटर एकदा शून्यावर येईपर्यंत मोटरला वीज देतच नाही. चाक फिरलं तर ती बाईक तिथेच सोडा.

३. चाक फिरत असताना ब्रेक लिव्हर जरासा दाबा. मोटरचा जोर लगेच तुटला पाहिजे. यासाठी लिव्हरमध्ये छोटा स्विच असतो. घाबरलेलं मूल एकाच वेळी अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही आवळतं, तेव्हा जिंकायला ब्रेकच हवा. लहानांच्या साध्या बाईकमध्ये हा स्विच नसतो असंही दिसतं. अशी बाईक घ्यायचीच असेल तर हळू मोडचा जोर इतका कमी हवा, की मुलाने दाबलेला ब्रेक मोटरला जागेवर थांबवू शकेल.

४. बाईक चालू ठेवून हात न लावता सोडून द्या. काही मिनिटांनी ती आपोआप बंद होते का बघा. चालू राहिलेली बाईक उचलताना कुणीतरी उजवी मूठ धरतं आणि बाईक हातातून निसटते. आपोआप बंद होणारी असली तरी ‘उतरलो की बटण बंद’ ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता जमिनीवर. मोठ्या माणसाने बाजूला उभं राहून एका हाताने हँडल आणि एका हाताने सीट धरायची, हळू मोड लावायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर मिमी-मिमीने उघडायचा. काही बाईक सुरुवातीला काहीच देत नाहीत आणि मग एकदम धक्का देतात. मुलाला यातून शिकायला मिळतं ते एकच: ‘जास्त पिळायचं’. जी बाईक पिळण्याच्या सुरुवातीलाच हळूच सरकते आणि पुढे सारख्या प्रमाणात वाढत जाते, ती बरोबर. ज्यात पिळणं नसून नुसतं बटण आहे, म्हणजे दाबलं की पूर्ण वेग आणि सोडलं की शून्य, ती लहान मुलासाठी नको. अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर पिळायच्या प्रकारापेक्षा नवशिक्याला बरा, कारण अंग मागे गेलं तरी अंगठा आपोआप दाबला जात नाही.

वेग स्वतः मोजा

मोबाईलवरचा वेग अशा छोट्या धावेत मागे पडतो. खडूने २० मीटरच्या दोन रेषा आखा. पहिल्या रेषेच्या आधीच बाईक पूर्ण वेगात आलेली असू द्या आणि दोन रेषांमधला वेळ मोजा. ७२ ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ९ सेकंद म्हणजे ८ किमी, ६ सेकंद म्हणजे १२, साडेतीन सेकंद म्हणजे वीसच्या थोडं वर. पहिला मोड ताशी ८ किमीच्या आसपास हवा, म्हणजे मोठ्या माणसाला शेजारून धावता येतं. मोजणी त्या मुलालाच, किंवा तेवढ्या वजनाच्या सरावलेल्या मुलाला बसवून करा.

मोड कसा बदलतो तेही बघा. हँडलवरच्या एका बटणाने मोड बदलत असेल तर मूल तो दुसऱ्याच दिवशी बदलेल. चावीने किंवा काही सेकंद दाबून धरायच्या बटणाने बदलणारा मोड बरा.

ब्रेक

मुलाला सीटवर बसवून हँडल धरायला लावा. हात न सरकवता तर्जनीचं मधलं पेर लिव्हरवर पोचायला हवं. पोचत नसेल तर लिव्हरजवळच्या छोट्या स्क्रूने तो जवळ आणता येतो. तो स्क्रूच नसेल तर ब्रेक आहे की नाही, मुलाच्या दृष्टीने सारखंच. पूर्ण दाबल्यावर लिव्हर मुठीला टेकता कामा नये.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ताशी १० किमीला बऱ्यापैकी ब्रेक दाबला तर बाईक दीडेक मीटरमध्ये थांबते, २० किमीला त्याच ब्रेकने सहा मीटरच्या वर लागतात. त्यात मुलाच्या प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर आणखी साडेपाच मीटर. म्हणून ताशी १० ते १२ किमीपर्यंत फक्त मागचा ब्रेक चालेल, त्यापुढे पुढचाही हवा. तो मात्र झटक्यात पकडणारा नको. स्वस्त बाईकमध्ये येणारा पट्टा-ब्रेक पुढे जाताना ठीक पकडतो, पण चढावर बाईक मागे घसरू लागली की ढिला पडतो. चढ-उताराच्या जागेसाठी तो नको.

बॅटरी आणि मोटर

बॅटरीवरचा अँपिअर-तासांचा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याला व्होल्टने गुणा आणि वॉट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, काढा. इथे एक गंमत आहे: ‘२० व्होल्ट’ लिहिलेली बॅटरी बहुधा पाच सेलची असते, म्हणजे सरासरी १८ व्होल्ट. ४ अँपिअर-तासांची अशी बॅटरी ७२ वॉट-तासांची झाली. ३५ किलो एकूण वजन गवतावर ताशी १० किमीने नेताना बॅटरीतून अंदाजे ७० वॉट खर्च होतात. सलग चालवली तर तासभर, मध्ये थांबत चालवली तर जास्त. खोक्यावरचा पल्ला या हिशेबाच्या दुप्पट दिसला तर खोक्यावर विश्वास ठेवू नका.

वॉटचंही असंच तपासता येतं. हेच ३५ किलो १० टक्के चढावर ताशी ८ किमीने चढवायला चाकाशी १०० वॉटच्या आत-बाहेर लागतात. तेव्हा लहान मुलाच्या बाईकवर मोठ्या वॉट-आकड्याने चढाला फारसा फायदा होत नाही, धक्क्याची शक्यता मात्र वाढते. मोटर छोटी असेल तर दहा मिनिटं चढावर चालवून हात लावून बघा: कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर ती त्या चढाची नाही.

लिथियम बॅटरी की लेड-अ‍ॅसिड, हे विचारून घ्या. रेझरची एमएक्स३५० सारखी मॉडेल २४ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिडवर चालतात (कंपनी तिला १३ वर्षांपुढच्यांसाठी सांगते, दिसायला छोटी असली तरी). लेड-अ‍ॅसिड जड असते आणि रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमून मरते. न वापरतानाही ती महिन्याला एकदा पूर्ण चार्ज करावी लागते. लिथियमचं उलट: लांब ठेवायची तर निम्मी भरलेली ठेवा, आणि शून्य अंशाखाली कधीच चार्ज करू नका.

चार्जर मूळचाच हवा. पिन बसली म्हणजे चार्जर चालला असं नाही. ३६ व्होल्टच्या दहा सेलच्या लिथियम पॅकला ४२ व्होल्ट लागतात, २४ व्होल्टच्या सात सेलच्या पॅकला २९.४. बॅटरीवर यूएल २२७१ किंवा आयईसी ६२१३३ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकांचा उल्लेख असेल तर चांगलं, आणि तो खोक्यावर नुसता छापलेला नसून बॅटरीच्या लेबलवर असावा.

जुनी बाईक घेताना बॅटरी पॅक पूर्ण चार्ज करून तासाभराने मल्टिमीटरने त्याचे व्होल्ट मोजा. दहा सेलच्या पॅकला ४१ च्या वर दिसायला हवेत. ३९-४० वर घसरला असेल तर एखादा सेल कमजोर आहे. फुगलेला, आपटलेला किंवा उघडून पुन्हा चिकटवलेला पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

बाकीचं, पटकन

चेन आणि स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चक्रावर) पूर्ण झाकण हवं, अर्धवट नको. बोटं खालून जातात. हब मोटर असेल तर एक्सलचे नट घट्ट आणि न फिरू देणारे वॉशर जागेवर आहेत ना बघा. एक्सल फिरला की मोटरची वायर पिळून तुटते. वायरचे जोड खाली तोंड करून असावेत म्हणजे पाणी साचत नाही, आणि धुताना जोराचा फवारा नको. टायरमधली हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवा. वजन कमी असल्याने जास्त हवेवर बाईक उड्या मारते.

हेल्मेट ताशी १५ किमीपर्यंत सायकलचं, ईएन १०७८ मानकाचं चालेल. त्याहून वेगात किंवा मातीच्या ट्रॅकवर पूर्ण चेहरा झाकणारं हलकं हेल्मेट घ्या. मोठ्यांचं जड हेल्मेट लहान मानेला त्रास देतं.

पहिल्या दोन-तीन तासांच्या वापरानंतर हँडल, एक्सल आणि ब्रेकचे बोल्ट पुन्हा आवळा. नवे आरे थोडे सैल पडतात, तेही बघा. चेन मधोमध दाबल्यावर साधारण १० मिमी हलायला हवी: त्याहून सैल असेल तर ती उतरते, फार ताणलेली असेल तर मोटरचं बेअरिंग खाते. आणि मुलाने पुढचा मोड मागितला की वर दिलेल्या चार चाचण्या नव्या मोडवर पुन्हा करा; हळू मोडमध्ये पुरणारा ब्रेक तिथे अपुरा पडतो.