टोन्ड शरीरासाठी खाताय? मग या चुका टाळा

‘टोन्ड’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात. प्रत्यक्षात मामला दोनच गोष्टींचा आहे: आत स्नायू हवेत आणि त्यांच्यावरचा चरबीचा थर पातळ हवा. स्नायू ‘टोन’ करणारा असा खास पदार्थ नसतो आणि फक्त पोटावरचीच चरबी उतरवणारं खाणंही नसतं. तरी लोक तेच शोधत राहतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

वजन उतरलं, पण शरीर सैलच दिसतं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. ठरवल्या दिवसापासून माणूस जेवण निम्म्यावर आणतो. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, पण त्यात बराच वाटा पाण्याचा असतो. शरीर कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही गेलं. पुढे खाणं तसंच तुटपुंजं राहिलं, प्रथिनं कमी पडली आणि वजनं उचलण्याचा व्यायामही नसला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग कपडे ढिले होतात, पण आरशात हवा तो फरक दिसत नाही.

इथे आधी प्रथिनांचा हिशोब करायचा. बैठ्या माणसासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं हे सर्वसाधारण प्रमाण मानतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने २०१७ मध्ये १.४ ते २ ग्रॅम ही मर्यादा सांगितली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ८४ ते १२० ग्रॅम. आता ‘मी रोज दोन अंडी खातो की’ हे वाक्य तपासून बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे दोघांचे झाले १२. उरलेले कुठून आले?

बहुतेकांचं उत्तर असतं, बदाम. बदाम चांगलेच आहेत, पण त्यांना प्रथिनांचा मुख्य स्रोत समजणं महागात पडतं. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांत ६ ग्रॅम प्रथिनं आणि १६० हून थोड्या जास्त कॅलरी असतात. जवळपास तेवढ्याच कॅलरींत १०० ग्रॅम शिजवलेलं चिकन ब्रेस्ट सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं देतं. पीनट बटरचंही तेच. डब्यावर ‘प्रोटीन’ ठळक लिहिलेलं असलं तरी आत निम्मी चरबीच असते. सुकामेवा चरबीच्या खात्यात धरा आणि प्रथिनांसाठी अंडी, मासे, चिकन, डाळी-कडधान्यं, सोयाबीन, घट्ट दही यांच्याकडे वळा. शाकाहारी माणसालाही हा आकडा गाठता येतो, फक्त प्रत्येक जेवणात आठवणीने भर घालावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

कच्चं मोजलं की शिजलेलं?

ही चूक मोजूनमापून खाणारी शिस्तीची माणसंच करतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३६० कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. मसूर कच्ची असताना १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं दाखवते. शिजून पाणी प्यायली की तेवढ्याच वजनात ९ उरतात. वाटीभर शिजलेल्या डाळीला कच्च्या डाळीचा आकडा लावला की कागदावर प्रथिनं भरपूर आणि पोटात तिसरा हिस्सा. मांसाचं उलट होतं, शिजताना पाणी जाऊन वजन घटतं. कुठलीही एक पद्धत धरा, पण आकडाही त्याच अवस्थेचा घ्या.

सगळं हेल्दी खाऊनही काटा हलत नाही

बहुतेक वेळा तेल. बाटली थेट कढईत वाकवायची सवय असेल तर एक आठवडा चमच्याने मोजून घाला. मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, मग ते ऑलिव्हचं असो की आणखी कसलं. भल्यामोठ्या वाडग्यातल्या सॅलडच्या भाज्या बिचाऱ्या निर्दोष असतात, वर ओतलेलं ड्रेसिंग मात्र निर्दोष नसतं. त्यानंतर येता-जाता तोंडात टाकलेला सुकामेवा, ग्रॅनोला आणि फळांचा रस. अख्खं संत्रं खाताना तंतू (फायबर) मिळतात आणि थांबावंसं वाटतं. तीन संत्र्यांचा रस दोन घोटांत संपतो.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विश्वास ठेवू नका, पाठ वाचा. घटकांची यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत साखर दिसली की समजून जा. ‘मल्टीग्रेन’चा अर्थ फक्त अनेक धान्यं, ती अख्खीच असतील असं नाही.

संध्याकाळी भुकेचा हल्ला

सकाळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो, आणि सात वाजता बिस्किटांचा अख्खा पुडा. लोक स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देतात. मला विचाराल तर दोष सकाळच्या ताटाचा आहे. न्याहारीतच २०-२५ ग्रॅम प्रथिनं आणि काहीतरी तंतुमय असू द्या. कर्बोदकं पूर्ण बंद करण्याचा हट्टही सोडा. भात, ओट्स, बटाटा यांतलं काही व्यायामाच्या आधी पोटात नसेल तर अनेकांना जोर लावून वजनं उचलता येत नाहीत.

तंतू मात्र हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते, पण एका दिवसात तिथे उडी मारली तर पोट फुगणारच. पाणीही त्या बेताने वाढवा.

कालपेक्षा आज एक किलो जास्त

घाबरून जेवण सोडू नका. रात्रीचं खारट खाणं, नव्याने सुरू केलेला व्यायाम, मासिक पाळी यांपैकी कशानेही शरीर पाणी धरून ठेवतं. रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी बघा आणि कमरेला टेप लावा. दोन-तीन आठवडे सरासरी आणि टेप दोन्ही जागचे हलले नाहीत, तरच ताटात बदल करा: आधी तेल, मग सुकामेवा, मग गोड पेयं. प्रथिनांना हात लावू नका.