दिवाळखोरीनंतर कार्डाचं कर्ज परत चढलंय? ते कसं फेडायचं

दिवाळखोरीत जुनं कर्ज माफ झालं तरी निकालानंतर जे नवं क्रेडिट कार्ड मिळतं त्याचा व्याजदर सहसा चढाच असतो, त्यामुळे बाकी परत वाढायला वेळ लागत नाही. आणि ही नवी बाकी त्या माफीत येत नाही, परत अर्ज करायचा म्हटलं तर बहुतेक ठिकाणी काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे फेडण्यावाचून सुटका नाही.

आधी जुनं आणि नवं वेगळं करा. वसुलीवाले कधीकधी माफ झालेल्या कर्जासाठी पण फोन करतात, तेव्हा घाबरून हो म्हणू नका, लेखी मागा, निकालाच्या कागदांशी ताडून बघा, शंका असेल तर वकिलाला विचारा आणि मगच काय ते ठरवा.

मग कार्ड वापरणं थांबवा, पूर्ण. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज. अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेला कार्ड नंबर काढून टाका, दर महिन्याची सबस्क्रिप्शनं डेबिट कार्डावर न्या. कार्डावर कॅश तर काढूच नका.

आता खरा मुद्दा, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात दर महिन्याला किमान भरावीच लागणारी रक्कम. समजा बाकी 1000 आहे, व्याज महिना 3 टक्के आणि मिनिमम 5 टक्के. पहिल्या महिन्यात 50 भरले तर 30 व्याजात गेले, मुद्दल कमी झालं फक्त 20. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी म्हणून मिनिमम पण थोडं कमी येतं, आपल्याला वाटतं बरं झालं, पण गोम तिथंच आहे! बिलात येईल तेवढंच मिनिमम भरत राहिलात तर 31 महिन्यांनी पण निम्म्याहून जास्त बाकी तशीच. तेच दर महिन्याला ठरवून 50 च भरले तर त्याच 31 महिन्यांत कर्ज जवळपास साफ. 100 भरलेत तर साधारण वर्षभरात. म्हणून आजचा मिनिमम आकडा हाच आपला हप्ता धरा, बिलात कितीही कमी येऊ दे, तो खाली आणायचा नाही.

दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांचं मिनिमम ऑटो-पेला लावा आणि वरचे पैसे सर्वात जास्त व्याजाच्या कार्डात घाला. व्याज बहुतेक वेळा रोजच्या बाकीवर लागतं, त्यामुळे ड्यू डेटची वाट न बघता पगार झाला की भरा. फक्त एक, स्टेटमेंट निघायच्या आधी भरलेली रक्कम त्या बिलाच्या मिनिममात धरली जात नसेल तर उगाच लेट फी लागते, म्हणून ते ऑटो-पे बंद करू नका.

बँकेला फोन करून व्याज कमी करता येतं का विचारायला काहीच हरकत नाही, नाही म्हणतील फार तर. पण सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवून देतो म्हणत आधी फी मागणाऱ्यांपासून लांबच राहा.

शेवटी पूर्ण बाकी भरल्यावर पुढच्या बिलात परत थोडं व्याज दिसलं तर गडबडू नका, स्टेटमेंटची तारीख आणि तुम्ही भरल्याचा दिवस यांच्या मधलं ते असतं. तेही भरा आणि त्यापुढचं बिल शून्य आलंय ना, बघून घ्या.