पोरांना घेऊन बामणोलीला तंबू टाकताय? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की ओळखीतलं कुणीतरी सांगतंच, "दादा, कॅम्पिंगला गेलो, पण पोरांनी रात्रभर छळलं." मी एवढंच विचारतो, पोचलात किती वाजता?

अंधारात पोचणं ही सगळ्या चुकांची आई. मीही केलीय. साताऱ्याहून कोयना धरणाच्या पाण्याकाठचं बामणोली ३५-४० किलोमीटर, त्यात काय, म्हणून डिसेंबरात चारला निघालो. यवतेश्वरच्या घाटात धाकटीला उलटी झाली. पुढं कास तलावावर थोरल्याला दगड मारायचे होते. पोचेस्तोवर मिट्ट काळोख. बॅटरी दातात धरून तंबू ठोकला, तो नेमका उतारावर. खिचडी शिजायला नऊ वाजले, तोवर पोरं रडून उपाशीच झोपली. रात्रीत घरंगळत चौघंही एका कोपऱ्यात! तीन वाजता सगळं सोडून गाडीत जाऊन बसलो.

तेव्हापासून दुपारी तीनच्या आत मुक्कामी. पहिल्या रात्री स्वयंपाक नाहीच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही घरूनच. खुंट्या मोजून द्यायचं काम पोरांचं. एखादी हरवते, पण तासभर किरकिर नसते. आणि उजेडातच त्यांना शू-शीची जागा दाखवून ठेवायची. रात्री अनोळखी झुडपामागं जायला मोठ्यांचीही फाटते.

दुसरं, थंडी. लोक पांघरुणं ढीगभर नेतात आणि खाली एक चटई, नाहीतर हवेची गादी. अहो, गारठा जमिनीतून येतो, आणि त्या गादीतली हवाही गार पडते. रात्री डोंगरावरची थंड हवा उतरून खाली पाण्याकाठी साचते, म्हणून मी तंबू काठापासून जरा वर, सपाटीला टाकतो. खाली सतरंजी, तिच्यावर घोंगडी. झोपताना दिवसभरात घामेजलेले कपडे बदलायचे, मोजेसुद्धा. कानटोपी घालायला पोरं कुरकुरतात; घालायचीच.

नवा तंबू थेट तिथं जाऊन उघडणाऱ्यांना काय सांगावं! दोन मिनिटांत उघडतो म्हणे. घडी घालायला किती लागतात ते विचारा. आधी एक रात्र गच्चीवर झोपा. फसलात तर जिना उतरला की घर.

लहानग्यांना पाण्यापलीकडच्या वासोटा किल्ल्यावर नेऊ नका. लाँचचा दीड तास, वर अभयारण्यातली खडी चढण. शेवटी पोर तुमच्याच खांद्यावर. नुसती बोटीची चक्कर पुष्कळ झाली, तीही लाइफ जॅकेट घालून.

बॅटरी प्रत्येक पोराला वेगळी. एकीवरून भांडणं होतात.

मोबाइलवर कार्टून लावून गप्प बसवणार असाल तर घरीच थांबा, पेट्रोल वाचेल.

आणि कंदी पेढ्यांचा पुडा पहिल्याच संध्याकाळी फोडू नका. चार पेढे लपवून ठेवा. सकाळी दवानं ओला झालेला तंबू आवरताना पोरं हाताशी हवी असतात.