भिंतीवर 650 लिहिण्याआधी: नीटच्या टार्गेटमधल्या या चुका टाळा

लातूरच्या ट्युशन एरियातल्या कुठल्याही रूमवर जा, कॉटच्या वर एक कागद चिकटवलेला दिसतोच. लाल स्केचपेननं लिहिलेला मोठा आकडा, मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत मिळवायच्या मार्कांचा. कुठे 650, कुठे 680. खाली ‘एमबीबीएस’ आणि शेजारी देवाचा फोटो. बारा वर्षं मी इथे फिजिक्स शिकवतोय. असा कागद दिसला की मुलाला पहिला प्रश्न तोच विचारतो, "हा आकडा कुठून आणलास?" उत्तर ठरलेलं असतं. दादाच्या मित्राचा मागच्या वर्षी एवढ्यावर नंबर लागला.

मागच्या वर्षीचे मार्क या वर्षी चालत नाहीत, हे मुलांना आणि त्याहून जास्त पालकांना पटवताना माझा घसा बसतो. 2024 ला मार्कांचा पूर आला होता. सुधारित निकालातसुद्धा 17 जणांना 720 पैकी 720 होते. पुढच्याच वर्षी फिजिक्सनं भल्याभल्यांना घाम फोडला आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. सीट रँकवर मिळते. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच मार्क खाली येतात, रँक तिथेच राहते.

त्या 2025 च्या पेपरला औसा तालुक्यातला माझा एक मुलगा बसला होता. रिपीटर, अतिशय कष्टाळू. रोज सकाळच्या एसटीनं गावाहून डबा यायचा, तो घ्यायला स्टँडवर जातानाही हातात बायोलॉजीचं पुस्तक. भिंतीवर 650. फिजिक्स त्याचा हातखंडा, म्हणून त्यानं पेपर तिथूनच सुरू केला. पहिले पाच प्रश्न सुटेनात. खरं तर त्या दिवशी ते कुणालाच सुटत नव्हते. पण तो आतल्या आत हिशोब करत राहिला, ‘चार गेले, आठ गेले, आता 650 होत नाही.’ गेलेले मार्क परत मिळवायच्या नादात त्यानं फिजिक्सला ऐंशी मिनिटं दिली. केमिस्ट्रीला पन्नास लागली. बायोलॉजीच्या नव्वद प्रश्नांना उरली पन्नास.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला, "सर, पोरगं जेवंना झालंय. तुम्ही जरा बोला त्याच्याशी." दुसऱ्या दिवशी दोघं घरी आले. आम्ही पेपर घेऊन बसलो. बायोलॉजीचे शेवटचे नऊ प्रश्न त्यानं वाचलेलेच नव्हते. मी एकेक वाचत गेलो आणि त्यानं खाली मान घालून नवांपैकी सातांची उत्तरं तिथल्या तिथे बरोबर सांगितली. अठ्ठावीस मार्क. वडील काही बोलले नाहीत. निकाल लागला तेव्हा सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं.

तेव्हापासून माझ्या मुलांना पेपर बायोलॉजीपासूनच सोडवायला लावतो. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं, उत्तरपत्रिकेतले गोळे भरण्यासकट; डोकं ताजं असताना तेवढी पुरतात. फिजिक्स शेवटी, आणि एका प्रश्नाला दोन मिनिटांच्या वर गेलं की पुढे. ही माझी सवय आहे. दुसरे सर वेगळं सांगतील. पण क्रम कुठलाही ठेवलात तरी पेपर चालू असताना मार्क मोजायचे नाहीत.

मग आकडा ठेवायचाच नाही का? ठेवा, पण प्रश्नांमध्ये ठेवा. प्रश्न 180, बरोबरला चार, चुकीला उणे एक. 600 हवेत तर 152 बरोबर, 8 चूक आणि 20 सोडलेले चालतात. सगळे 180 सोडवायचे म्हटलं तर 156 बरोबर आणि 24 चूक. दोन्हीकडे बेरीज 600 च होते. हा हिशोब फळ्यावर मांडला की वर्ग शांत होतो, कारण वीस प्रश्न सोडूनही 600 होतात हे बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं. आणि तुक्क्याबद्दल एक लक्षात ठेवा. पर्याय काढणारा माणूस अर्धवट अभ्यास केलेला मुलगा कुठे घसरेल हे ओळखूनच चुकीचे पर्याय लिहितो. वर्गमूळ काढायला विसरलात तर येणारं उत्तर त्या चारांत असतंच. दोन पर्याय नक्की कटले असतील तरच उरलेल्या दोनांतून निवडा.

दुसरी चूक माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. टेस्टवर टेस्ट देत सुटायचं आणि झालेला पेपर उघडून बघायचाच नाही. "सर, रोज एक पेपर सोडवायलोय." चुकलेले पाहिलेस का? "पाहिले, सिली मिस्टेक होत्या." हा शब्द मी वर्गात बंद केलाय. ‘सिली’ म्हटलं की मुलाचं मन हलकं होतं आणि पुढच्या रविवारी तीच चूक पुन्हा होते.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण एका ओळीत आणि खरं लिहा: ‘इनकरेक्ट विचारलं होतं, करेक्ट वाचलं’, ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत’, ‘चॅप्टर वाचलाच नव्हता’, ‘उत्तर ब आलं, गोळा क चा केला’. माझ्या एका मुलीच्या वहीत डिसेंबरमध्ये ‘इनकरेक्ट’वाली ओळ एकोणीस वेळा होती. मी तिला एवढंच सांगितलं, प्रश्न वाचताना तो शब्द पेनानं गोल कर. मार्चपर्यंत ती ओळ दोनदाच आली. रोज पेपर सोडवण्यापेक्षा आठवड्याला दोन सोडवून चार तास वहीत घालवणारी मुलं पुढे जातात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. घाई असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना शॉर्टकटची पीडीएफ हवी असते. ज्याला मूळ डेरिव्हेशन एकदाही हातानं करता येत नाही, त्याला शॉर्टकट ऐन वेळी आठवत नाही, आणि आठवला तर चुकीच्या ठिकाणी लावला जातो.

आता काही भराभर.

‘मराठवाड्याचा कटऑफ वेगळा असतो’ असं एखादे काका सांगतील. 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांसाठी ठेवणारा 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्ये रद्द झाला. आता तुमची स्पर्धा पुण्या-मुंबईच्या मुलांशीही आहे.

जुने प्रश्नसंच सोडवताना अभ्यासक्रम शेजारी ठेवा. 2024 पासून तो कमी झालाय, आणि वगळलेल्या धड्यांवर मुलं अजून रात्री जागवतात.

मराठीतून पेपर देणाऱ्यांनी इंग्रजी संज्ञाही पाठ ठेवाव्यात. पुस्तिका दोन्ही भाषांत असते आणि शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीची राज्याची सीईटीही देणार असाल तर तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका. अकरावीवर सुमारे वीस टक्के भार असतो. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे घरी एकदा नीट समजावून सांगा, नाहीतर 90 पर्सेंटाइलवर पेढे वाटले जातात आणि कॅप राऊंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, रडारड होते.

शेवटचं, झोपेचं. अभ्यासिकेत रात्री तीनपर्यंत बसायचं आणि दुपारी जेवून ताणून द्यायची, ही सवय इथल्या निम्म्या मुलांना असते. नीट होते मे महिन्यात, दुपारी दोन ते पाच. बाहेर 42 डिग्री, वर्गात एखादा पंखा, आणि तुमचं शरीर त्या वेळेला झोपायला शिकलेलं. एप्रिल लागला की दुपारची झोप बंद करा. सराव पेपर दोनलाच सुरू करा, कूलरशिवाय, डब्यातलं थोडंसंच खाऊन. सेंटरचं गेट दीडला बंद होतं, म्हणून सरावालाही सव्वाला जागेवर बसा. पहिल्या दोन पेपरांत मार्क पडतील, डोळे मिटतील. तिसऱ्या-चौथ्यापासून अंगवळणी पडतं.