पाकात लिंबू नेमकं कधी पिळायचं

गुलाबजामचा पाक दुसऱ्या दिवशी तळाशी साखर होऊन बसतो ना, चमचा घातला की करकर वाजतं, तसं माझं दरवेळी व्हायचं आणि मी लिंबू पिळत होतो तरी! ज्याला विचारलं त्याचं एकच, अजून थोडं पिळ. पण चूक प्रमाणात नव्हतीच, मी गॅस बंद करून पिळायचो.

आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर, साखरेपेक्षा गोड. पाण्याचा एक रेणू मध्ये शिरला की ही जोडी फुटते पण नुसत्या पाण्यात ते इतकं हळू होतं की झालंच नाही म्हणा. लिंबातलं आम्ल ते काम भराभर करून देतं आणि स्वतः खर्च होत नाही, एक जोडी फोडली की चालला पुढच्या जोडीकडे. यालाच उत्प्रेरक म्हणतात. म्हणून रस चमचाभर पुरतो, पण त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतं. शेवटी पिळलं तर पाक फक्त आंबट होतो.

तर असं करा, हा पाक आधी वेगळा करून ठेवायचा. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, एक मोठा चमचा गाळलेला लिंबूरस, सगळं थंड असतानाच स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात (ॲल्युमिनियम नको, आंबट आहे). साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की ढवळणं बंद म्हणजे बंद, कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवा कारण एक दाणा पडला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर जमते. मग मंद आचेवर 20-25 मिनिटं. थर्मामीटर असेल तर 114 अंशाला उतरवा, नसेल तर फिकट सोनेरी रंग आला की. गार झाल्यावर मधासारखा दाट होतो, बरणीत भरून ठेवा आणि गुलाबजामच्या पाकात तीन-चार चमचे टाका. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि न फुटलेली साखर एकमेकांच्या मधे मधे येतात, त्यामुळे दाणा धरत नाही.

विश्वास नसेल तर एका बशीत हा आणि दुसऱ्या बशीत बिनलिंबाचा तेवढाच आटवलेला पाक घ्या, दोन्हीत साखरेचा एकेक दाणा टाकून झाकून ठेवा, सकाळी बघा.

1850 मध्ये जर्मनीत विल्हेल्मी नावाच्या शास्त्रज्ञाने आम्लाने साखर किती वेगाने फुटते हे प्रकाशाच्या मदतीने मोजलं होतं, साखरेचं पाणी ध्रुवित प्रकाशाची (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) दिशा उजवीकडे वळवतं आणि फुटल्यावर डावीकडे, म्हणून याला इन्व्हर्ट शुगर, म्हणजे उलटलेली साखर म्हणतात. मधमाशी हेच काम आम्लाशिवाय करते, तिच्याकडे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं.

साखरांब्यात लिंबू कशाला लागत नाही ते आता कळलं असेल, कैरीच आंबट असते. पिकलेल्या हापूसच्या किंवा केळ्याच्या जॅमला मात्र पिळा, तेही सुरुवातीलाच.

आणि चिकीत हा पाक घालू नका. फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते, मी हौसेने घातला होता, जुलैत, डबा उघडला तर सगळ्या वड्यांचा एकच गोळा.