पॅच पाठवण्याआधी बफरची शेपटी बघा

सी येतं, पॉइंटर कळतात, क्यूईएमयूत (आभासी मशीनमध्ये) कर्नल चालवता येतो, हे धरूनच लिहितोय.

लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, द्यायचा म्हटलं की सगळे सांगतात, स्ट्रिंग कॉपी करणारी जुनी स्ट्रएनकॉपी (strncpy) शोध नि तिथं नवी स्ट्रएसकॉपी (strscpy) घाल. सल्ला बरोबर आहे. 16 बाइटांच्या बफरात 'बेळगाव' टाकून बघा. युटीएफ-8 मध्ये सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, झाले 18. स्ट्रएनकॉपी 16 भरते आणि शेवटचं शून्य देतच नाही. पुढं वाचणारा भलत्याच मेमरीत शिरतो. स्ट्रएसकॉपी 15 बाइट नि एक शून्य ठेवते, 'बेळगा' उरतं, आणि 'मावलं नाही' सांगणारा एरर, उणे ई2बिग (-E2BIG), परत मिळतं. (तिसरी, स्ट्रएलकॉपी (strlcpy), तिचं नावच काढू नका, 2024 मध्ये 6.8 आवृत्तीला ती कर्नलमधून गेली.)

एवढं कळल्यावर मला शिंगं फुटली. खानापुरात पावसात वीज जायच्या आत उरकावं म्हणून सेडनं (शोधून-बदलणारी कमांड) एका ड्रायव्हरमधल्या अकरा जागा एका फटक्यात बदलल्या. कंपायलर गप्प, टेस्ट पास. तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरची एकच ओळ आली: इथं पॅडिंग लागत नाही, हे कशावरून?

दोन दिवस डोकं धरून बसलो. स्ट्रिंग छोटी असली की स्ट्रएनकॉपी उरलेला सगळा बफर शून्यांनी भरते, तेच पॅडिंग. स्ट्रएसकॉपी तशी हमी देत नाही. माझं एक स्ट्रक्चर केमॅलॉकनं (kmalloc, ती मेमरी पुसून देत नाही) घेतलेलं आणि कॉपी_टू_यूजरनं (copy_to_user) अख्खं कर्नलबाहेर, वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमकडं जाणारं. 32 बाइटांचं नावाचं फील्ड, त्यात 'गाव', नऊ बाइट. हेक्सडम्प काढला, म्हणजे बाइट न् बाइट छापून बघितला. स्ट्रएसकॉपी इथं आठ-आठ बाइट उचलते, म्हणून पहिले 16 स्वच्छ, पुढच्या 16 मध्ये कर्नलचा जुना पत्ता तसाच बसलेला! प्रोग्रॅमला नाव बरोबरच दिसतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. अशा ठिकाणी उरलेलं शून्यांनी भरणारी स्ट्रएसकॉपी_पॅड (strscpy_pad) लागते. म्हणून प्रत्येक जागी आधी बघा, हा बफर पुढं कुठं जातो. पुन्हा सांगतो, प्रत्येक जागी. सेड नको.

फी घेऊन तयार पॅच हातात देणाऱ्या 'सरां'पासून तर लांबच राहा. मला त्या एका ओळीनं जे शिकवलं ते फी भरून मिळालं नव्हतं.

घाबरू नका मात्र, माझा पॅच परत आला म्हणून कुणी हाकललं नाही. दुसऱ्या खेपेला तीन ठिकाणी पॅड घातलं, उरलेल्या आठ ठिकाणी का नको ते कमिट मेसेजात, म्हणजे पॅचसोबतच्या टिपणात, लिहिलं. घेतला. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग पगार किती देणार काय रे?"